टायरवरची तारीख

दुकानात नवा माल उतरला की आपली नजर सर्वप्रथम उत्पादनाच्या तारखेकडे जाते. पाकीट उलटे करून तारीख वाचण्याची ही सवय व्यापारी घरातील मुलांना गल्ल्याशेजारी बसल्या बसल्याच लागते. मात्र ज्या गाडीतून सारे कुटुंब प्रवासाला निघते, तिच्या टायरवरची तारीख आपल्यापैकी किती जणांनी वाचली असेल?

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आम्ही पाच जण छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघालो होतो. गाडी वडिलांची. घर ते दुकान एवढीच तिची धाव. त्यामुळे इतक्या वर्षांत जेमतेम चोवीस हजार किलोमीटर चाललेली. हवा भरण्यासाठी थांबलो, तेव्हा टायरवाल्याने टायरच्या बाजूवरून नख फिरवले आणि म्हणाला, "शेठ, नक्षी नवी दिसते, पण रबर म्हातारं झालंय." नक्षीच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा पडल्या होत्या. वडील नाराज झाले. "न झिजलेला माल टाकून द्यायचा?" हा त्यांचा प्रश्न व्यापाऱ्याला शोभणाराच होता. त्याचे उत्तर त्या टायरवरच छापलेले होते.

टायरच्या बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार अंक म्हणजे टायरचा जन्मदाखला. आमच्या टायरवर '१११६' होते. म्हणजे २०१६ सालचा अकरावा आठवडा. पूर्ण अंक बहुधा एकाच बाजूवर असतात. बाहेरून न दिसल्यास आतली बाजू पाहावी. रबर वापराने झिजते, तसेच ते ऊन, हवा आणि काळ यांनीही कठीण होत जाते. म्हणून अनेक वाहननिर्माते सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला देतात. दहा वर्षांपुढे तर, नक्षी कितीही खोल असली तरी, टायर वापरू नये. उभी राहणारी गाडी टायर वाचवते, हा आपला समज अर्धाच खरा आहे.

झिजेचेही माप टायरवरच असते. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली, की खोली १.६ मिलिमीटर उरली असे समजावे. अशा टायरला पावसाळी रस्त्यावरचे पाणी बाजूला सारता येत नाही आणि गाडी पाण्यावरून घसरू लागते. नक्षी एकाच कडेला झिजत असेल, तर व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे.

खरेदी करताना आकारही वाचावा. '१८५/६५ आर १५ ८८ एच' या ओळीत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ इंच हा रिमचा व्यास. ८८ या अंकाचा अर्थ एक टायर ५६० किलो भार पेलू शकतो आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगाची कमाल क्षमता. स्वस्त मिळतो म्हणून कमी भार पेलणारा टायर घेणे हा फायद्याचा सौदा नव्हे. पावतीआधी तारीख पाहावी. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळत असला, तरी त्याचे आयुष्य तेवढे सरलेलेच असते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते हवेकडे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि तापलेला टायर वेगात फुटतो. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे आणि रस्ता सरळ, सिमेंट काँक्रीटचा. तेथे तासन्तास एकाच वेगाने धावताना ही उष्णता साठत जाते. म्हणून चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत दिलेली हवाच भरावी. सहकुटुंब, सामानासह निघताना पूर्ण भारासाठी दिलेला आकडा पाहावा. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. प्रवासात तापलेल्या टायरमधील वाढलेली हवा काढून टाकू नये. नायट्रोजन भरला तरी ही तपासणी चुकत नाही.

महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी, पाचही टायर पाहावेत. पाचवी म्हणजे स्टेपनी. ती गाडीइतकीच जुनी असते, हे सहज विसरले जाते. बाजूला फुगवटा किंवा काप दिसला तर तो टायर लगेच बदलावा. तेथील पंक्चर काढून काम भागत नाही. दोनच नवे टायर घेतले, तर ते मागे बसवावेत, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग सरकत नाही.

आणि तरीही धावत्या गाडीचा टायर फुटलाच, तर एकदम ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि वेग ओसरल्यावर गाडी डाव्या कडेला घ्यावी.

आम्ही त्या दिवशी टायर बदलले आणि दोन तास उशिरा निघालो. हळदीचा मुहूर्त चुकला, पण लग्नाला पाचही जण हजर होतो. परतल्यावर वडिलांनी नव्या टायरवरचे चार अंक दुकानाच्या वहीत, गाडीच्या विम्याच्या तारखेखाली, स्वतःच्या हाताने लिहून ठेवले. आपल्या घरच्या वहीतही अशी एक ओळ असावी.