जाणीव आणि मेंदूची रचना : एक विवेचन

प्रस्तावना :
मेंदूतील पेशी विद्युत्-रासायनिक संदेशांची देवाणघेवाण करतात. या भौतिक व्यापारातून जास्वंदीचा लाल रंग ‘दिसण्याचा’ अनुभव कसा निर्माण होतो, हा प्रश्न तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व वैद्यक या तिन्ही ज्ञानशाखांचा आहे. प्रस्तुत लेखात त्याच्या रचनात्मक अंगाचा विचार केला आहे.

संख्या नव्हे, जोडणी :
मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज अनुमस्तिष्कात असतात. तरीही अनुमस्तिष्कास मोठी इजा झाल्यास शरीराचा तोल व हालचालींतील सुसूत्रता बिघडते. जाणीव मात्र टिकून राहते. याउलट मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागास झालेली लहानशी इजाही मनुष्यास बेशुद्धावस्थेत नेऊ शकते. हा भाग उत्तेजित केल्यास मेंदूच्या विद्युत्-आलेखात जागृतीची लक्षणे उमटतात, हे मोरुझी व मॅगून यांनी १९४९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले. मस्तिष्कस्तंभ जागृती राखतो. अनुभवाचा आशय मात्र प्रमस्तिष्काचे बाह्य आवरण व थॅलॅमस यांच्यातील दुतर्फा संदेशवहनाशी निगडित असतो. अनुमस्तिष्कातील संदेशवहन बहुतांशी एकमार्गी असते. या भेदातच वरील विसंगतीचे स्पष्टीकरण अनेक अभ्यासक शोधतात.

जागृती व जाणीव :
काही रुग्णांचे डोळे उघडे असतात, परंतु ते कोणताही हेतुपूर्वक प्रतिसाद देत नाहीत. २००६ मध्ये एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी अशा एका तरुणीस टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितले. तेव्हा निरोगी व्यक्तींप्रमाणेच तिच्या मेंदूतील हालचालींच्या नियोजनाचे क्षेत्र क्रियाशील झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूचनांना दृश्य प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद आढळला. म्हणजेच प्रतिसादाचा अभाव हा जाणिवेच्या अभावाचा पुरावा ठरत नाही. उपचार थांबविण्याचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या व नातलगांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे नैतिक महत्त्व मोठे आहे.

समारोप :
२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक प्रयोगात जाणिवेविषयीच्या दोन प्रमुख सिद्धान्तांपैकी एकाचेही पूर्ण समर्थन झाले नाही. कोणती रचना आवश्यक आहे, हे विज्ञान क्रमशः सांगू लागले आहे; परंतु त्या रचनेस अनुभव का लाभावा, हा डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये ‘कठीण समस्या’ म्हणून मांडलेला प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे. म्हणूनच मूक रुग्णाविषयी निर्णय घेताना संयम बाळगणे हेच विवेकाचे ठरते.