तुळशीचं फूल आणि दोन डोळे

गार्डन रीचच्या काठावर जहाजबांधणीच्या क्रेन उभ्या असतात. हुगळी ओलांडली की समोर शिबपूरचं वनस्पती उद्यान लागतं. कर्नल रॉबर्ट किड यांनी 1787 साली ते उभारलं आणि 1793 मध्ये विल्यम रॉक्सबर्ग त्याचे प्रमुख झाले. रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांच्या आसपास वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्या काळी फुलाचे बारीक भाग एका भिंगातून, एकाच डोळ्याने पाहावे लागत.

आज याच आवारातल्या केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहालयात सुमारे वीस लाख वाळवलेले नमुने आहेत. पुण्यातही आघारकर संशोधन संस्थेचा असा संग्रह आहे. मूळचे मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्यात 1946 साली ही संस्था सुरू करण्यात त्यांचाच पुढाकार होता. अशा संग्रहात वाळलेलं फूल गरम पाण्यात मऊ करायचं, सुईने उलगडायचं आणि पुंकेसर मोजायचे, हे नेहमीचंच काम. ते ज्या उपकरणाखाली चालतं, तो स्टिरिओ सूक्ष्मदर्शक.

त्याची कल्पना अमेरिकी जीवशास्त्रज्ञ होरेशियो ग्रीनो यांची. त्यांनी 1892 मध्ये ती जर्मनीतल्या झाइस कंपनीला कळवली आणि त्याच दशकात उपकरण तयार झालं. प्रत्येक डोळ्याला वेगळी नळी, दोन्ही नळ्या एकमेकींकडे किंचित कललेल्या. दोन डोळ्यांना जरा वेगळ्या कोनातून दिसतं आणि मेंदू त्यातून खोली जुळवतो. आतले लोलक प्रतिमा सुलटी करतात, त्यामुळे सुई उजवीकडे सरकवली की ती उजवीकडेच सरकताना दिसते.

नवं यंत्र खोक्यातून काढल्यावर आधी खांबावरची सुरक्षा कडी घट्ट करावी. स्क्रू सैल राहिला तर वरचा जड भाग घसरतो, तो या कडीवर अडतो. मग दोन्ही आयपीसमधलं अंतर बाहुल्यांच्या अंतराएवढं करायचं. दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ झालं की ते जमलं.

यापुढचा टप्पाच बरेच जण गाळतात. झूम सर्वांत जास्त करून तुळशीच्या फुलावर फोकस करावा. मग झूम सर्वांत कमी करावा आणि फोकसच्या चक्रीला हात न लावता प्रत्येक डोळ्यासाठी आयपीसवरची डायॉप्टर कडी फिरवून चित्र स्पष्ट करावं. हे दोनदा केलं की झूम कितीही बदलला तरी फोकस सुटत नाही. हे न करता तासभर काम केलं तर डोकं दुखायला लागतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

आता तेच फूल. सात पटीला मंजिरीचा अख्खा तुकडा दिसतो. पंचेचाळीस पटीला जेमतेम साडेचार मिलिमीटरची जागा उरते, पण तिच्यात चारही पुंकेसर मावतात: दोन लांब, दोन आखूड. उजेड वरून सरळ टाकला तर सगळं सपाट वाटतं. दिवा बाजूने, खालच्या कोनात आणला की लव उठून दिसते आणि पानावरच्या तेलग्रंथींचे ठिपके चमकतात. फिकट फुलाखाली काळी तबकडी, गडद बीखाली पांढरी.

भिंगाखाली सुमारे दहा सेंटीमीटर मोकळी जागा असते, म्हणूनच दोन्ही हातांनी सुया धरता येतात. दुप्पट वर्धनाचं जोडभिंग लावलं की ही जागा निम्म्याहूनही कमी होते आणि हात अडखळू लागतात. अर्ध्या वर्धनाच्या जोडभिंगाने उलट होतं. संग्रहालयातला 42 बाय 28 सेंटीमीटरचा कागद नेहमीच्या खांबाला अडतो. त्यासाठी आडव्या दांड्याचं स्टँड घ्यावं लागतं, आणि ते यंत्र मागवतानाच सांगावं.

हुगळीकाठच्या पावसाळी दमटपणात, तसंच कोकणातही, भिंगांवर बुरशी चढते. काम संपलं की यंत्र झाकावं, सुटी भिंगं सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवावीत. पुसण्याआधी रबरी फुग्याने धूळ उडवून टाकावी. धुळीचा कण कापडाखाली सापडला तर भिंगावर ओरखडा उमटतो.