कापांतून उभा राहिलेला देह

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका बाईच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. रुग्णावरचा हा पहिलाच. कवटी न उघडता मेंदूतली गाठ दिसली. यंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे गाण्यांच्या रेकॉर्डसाठी नावाजलेल्या ईएमआय कंपनीतले अभियंते. चित्र जेमतेम ८० बाय ८० ठिपक्यांचं. पण त्यातला प्रत्येक ठिपका हा आकडा होता. पुढे रूढ झालेल्या मापात पाणी शून्य, हवा उणे १०००. एक्स-रेची सावली नुसती पाहता येते, आकड्यांचा हिशोब मांडता येतो.

हा हिशोब बरीच वर्षं मुख्यतः डॉक्टरांच्या डोक्यातच चालला. स्कॅनमधून मिळणारे देहाचे काप फिल्मवर उजेडासमोर ओळीने लावायचे आणि मनातल्या मनात एकावर एक रचून अवयव उभा करायचा. १९८७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी ‘मार्चिंग क्यूब्स’ ही रीत मांडली. लगतच्या दोन कापांतले चार-चार आकडे घेतले की एका घनाचे आठ कोपरे होतात. कुठला कोपरा हाडाच्या आत आणि कुठला बाहेर, एवढंच ठरवायचं. शक्यता २५६, पण एकसारख्या वगळल्या की मोजकेच नमुने उरतात. त्यांनुसार त्रिकोण जोडत गेलं की पडद्यावर कवटी उभी राहते. पुढच्याच वर्षी मार्क लेव्हॉय यांनी, आणि स्वतंत्रपणे पिक्सारच्या मंडळींनी, प्रत्येक बिंदूला रंग आणि पारदर्शकता देण्याची वाट दाखवली. कातडी काचेसारखी झाली आणि आतलं हाड दिसू लागलं.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने एक अख्खा मानवी देह संगणकात आणला. टेक्सासमध्ये मृत्युदंड झालेल्या कैद्याचा गोठवलेला देह एकेक मिलिमीटर तासत दर थराचा फोटो काढला होता: १,८७१ काप, सुमारे १५ गिगाबाइट. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत भ्रूणाची वाढ टिपणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना तेवढंही पुरेना. लांबी, रुंदी, खोली यांच्या जोडीला त्यांना वेळ हवा होता, आणि वेगवेगळ्या प्रथिनांचे वेगवेगळे रंगही. १९९७ पासून फुकट मिळणाऱ्या ‘इमेजजे’ या सॉफ्टवेअरने हे काम साध्या पीसीवर आणलं.

या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट बदलली नाही: काय दाखवायचं याआधी काय झाकायचं ते कुणीतरी ठरवावं लागतं. कुठल्या आकड्यापासून पुढे हाड मानायचं ती मर्यादा जरा वर धरली, तर डोळ्याच्या खोबणीतलं पातळ हाड नाहीसं होतं आणि धडधाकट कवटीला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून पडद्यावर कवटी कितीही देखणी फिरो, निदानावर सही करण्यापूर्वी रेडिओलॉजिस्ट मूळ काप पाहतोच.