दाट वस्तीच्या राज्यातील रिकामी घरे

2011 च्या खानेसुमारीप्रमाणे केरळात दर चौरस किलोमीटरला 860 माणसे राहतात. संबंध देशाचे हे प्रमाण 382 असल्यामुळे, आणि समुद्र व सह्याद्री यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत एक गाव कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले हे प्रवाशाला उमगतच नसल्यामुळे, या राज्याला माणसांचा भार सोसेनासा झाला असावा, अशीच कोणाचीही पहिली समजूत व्हावी. त्या समजुतीला एके काळी आधारही होता. 1961 ते 1971 या दशकात तेथील लोकसंख्या शेकडा 26 हून अधिक वाढली. पुढे मात्र ही वाढ दर दशकाला उतरत गेली, 2001 ते 2011 मध्ये ती शेकडा 4.9 वर आली, आणि पथनमथिट्टा व इडुक्की या दोन जिल्ह्यांत तर पूर्वीपेक्षा माणसे कमीच भरली. 2014 साली राज्यात पाच लाखांहून अधिक मुले जन्मली. 2023 साली हा आकडा चार लाखांच्याही आत आला. आज तेथील अर्थव्यवस्थेला जी चिंता ग्रासते आहे ती राबत्या वयाच्या माणसांच्या तुटवड्याची आहे, आणि राज्यात डोकी किती यापेक्षा ती कोणत्या वयाची व कोठे कमावणारी, याच प्रश्नाशी राज्याचे आर्थिक आरोग्य बांधलेले आहे.

जन्मांची ही घट कशी झाली याचा शोध घेताना 1971 च्या जुलैमधील एर्नाकुलमच्या शिबिराचा दाखला हटकून दिला जातो. त्या एका महिन्यात तेथे 63 हजारांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. परंतु एवढ्या मोठ्या सामाजिक परिवर्तनाचे श्रेय एका शिबिराला देणे मला न्याय्य वाटत नाही. त्याची मुळे पुष्कळ मागे जातात. 1817 साली आजच्या केरळातील त्रावणकोर संस्थानाच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी रयतेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा असे फर्मान काढले; आणि 1858 ते 1872 या काळात त्या संस्थानाची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव, जे कुंभकोणम येथे मराठी घराण्यात जन्मले व पुढे इंदूर आणि बडोद्याचेही दिवाण झाले, त्यांनी मिरी व तंबाखू यांचे सरकारी मक्ते उठवले, देशी भाषेच्या शाळांना चालना दिली, आणि त्यांच्याच कारकिर्दीत 1865 च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीवर कायमचा, विकता येण्याजोगा हक्क मिळाला. शाळेत गेलेली मुलगी उशिरा लग्न करते, तिची मुले जगतात, आणि जगणाऱ्या मुलांच्या आईला अधिक मुलांची गरज भासत नाही. उत्पन्न तुटपुंजे असूनही हे घडू शकते, हे तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने 1975 मधील आपल्या अहवालात जगापुढे मांडले, आणि पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस केरळातील जननदर, दर स्त्रीमागे दोनाच्या आसपास, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्याच्या पातळीवर, येऊन ठेपला.

शिकलेल्या तरुणांना पुरेल इतका रोजगार मात्र राज्यात निर्माण झाला नाही, आणि ते आखाती देशांकडे वळले. 2023 च्या केरळ स्थलांतर पाहणीप्रमाणे 22 लाख केरळी परदेशांत होते, आणि त्यांनी वर्षभरात घरी पाठवलेली रक्कम 2 लाख 16 हजार कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे राज्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त होती. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसते, जी मला अधिक अस्वस्थ करते: शिक्षणासाठी परदेशी गेलेल्यांची संख्या 2018 मध्ये सुमारे 1 लाख 29 हजार होती, ती पाच वर्षांत अडीच लाखांवर गेली. कमावता मुलगा पैसे धाडतो. विद्यार्थ्याला उलट घरूनच पैसे धाडावे लागतात, आणि त्यांतील पुष्कळजण परत येण्याच्या इराद्याने गेलेलेच नसतात. पथनमथिट्टा जिल्ह्यातील कुंबनाड गावी दुमजली, संगमरवरी फरशीचे घर, दारात लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप, आणि शेजारच्या तशाच घरात केवळ वृद्ध दांपत्य, असे दृश्य ओळीने दिसते; वृद्धाश्रमही त्याच गावात आहेत. आपल्याकडे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतही 2001 ते 2011 या दशकात लोकसंख्या घटली. पण चाकरमान्याने मुंबईहून धाडलेल्या मनीऑर्डरीने घराचे छप्पर शाकारले गेले, एवढेच, आणि शाळा व दवाखाने यांची जी पूर्वपुण्याई केरळाला लाभली होती ती कोकणच्या वाट्याला आली नाही.

रिकाम्या झालेल्या जागा भरण्यासाठी बंगाल, आसाम, ओडिशा व बिहार येथून मजूर येतात. कोचीजवळच्या पेरुंबवूरच्या प्लायवूड कारखान्यांत हे समक्ष पाहता येते: चीक आटलेल्या रबराच्या झाडांचे ओंडके यंत्रावर सोलले जातात, त्यांचे पातळ पापुद्रे उन्हात वाळवले जातात, त्यांना सरस लावून तापत्या दाबयंत्राखाली घातले जाते, आणि या प्रत्येक टप्प्यावरचा हात परप्रांतीयाचा असतो. रविवारी बाजारात बंगाली व ओडिया पाट्या लागलेल्या दुकानांपुढे त्यांची झुंबड उडते. येथील पैसा मग मुर्शिदाबादकडे जातो, जसा दुबईचा पैसा पथनमथिट्ट्याकडे येतो.

घटते जन्म आणि तरुणांचे स्थलांतर यांमुळे राज्याच्या सरकारी खजिन्याची अवस्था दुहेरी बिकट झाली आहे. 2011 सालीच तेथे दर आठ माणसांमागे एक साठीपुढचा होता. निवृत्तिवेतने, सामाजिक पेन्शन, औषधोपचार यांचा खर्च वाढतच जाणार. याउलट केंद्रीय करांच्या वाटपातील केरळचा हिस्सा, जो दहाव्या वित्त आयोगाने शेकडा 3.875 ठरवला होता, तो पंधराव्या आयोगाने 1.925 वर आणला. दरडोई उत्पन्न वाढल्यामुळे काही कपात होणे रास्तच होते. परंतु लोकसंख्येचा आधार म्हणून 1971 ऐवजी 2011 चे आकडे घेतल्याने, ज्या राज्याने राष्ट्रीय धोरण मनोभावे पाळले त्यालाच त्याची झळ लागली, आणि जननदर आटोक्यात ठेवल्याबद्दल आयोगाने जे वेगळे गुण दिले त्यांनी ही झळ भरून निघाली नाही. हा मला उघड अन्याय वाटतो, आणि ज्यांची लोकसंख्या आज वाढते आहे त्या राज्यांनीही तो अन्याय म्हणूनच ओळखला पाहिजे, कारण उद्या त्यांचीही वाढ थांबणार आहे.

एक उपाय केरळाच्या स्वतःच्या हाती आहे, तो म्हणजे आलेल्या मजुराला कुटुंबासह स्थायिक होऊ देणे. एर्नाकुलम जिल्हा प्रशासनाने 2017 मध्ये सुरू केलेल्या ‘रोशनी’ योजनेत मजुरांच्या मुलांना सरकारी शाळांत त्यांच्या मातृभाषेच्या आधाराने मल्याळम शिकवले जाते. पटसंख्या घसरलेल्या शाळांना त्या मुलांची गरज आहे. पण त्यांचे आईबाप अजून एका खोलीत दाटीने, भाडेचिठ्ठीवाचून राहतात, आणि ती खोली त्यांच्या नावे लागण्याची व्यवस्था व्हावयाची आहे.