फोनच्या स्क्रीनमागचा केमिस्ट: अकिरा सुझुकी

ओएलईडी स्क्रीन म्हटलं की मला आधी फोन कंपन्याच आठवायच्या. पण त्यात उजेड देणारा थर कार्बनच्या रेणूंचा असतो, आणि तसे रेणू बनवताना एक रिअ‍ॅक्शन खूप वापरतात: सुझुकी कपलिंग.

हे सुझुकी (गाडीवाले नव्हेत!) जपानच्या होक्काइदो विद्यापीठातले. शिकायचं होतं गणित, पण एका पुस्तकामुळे केमिस्ट्रीकडे वळले. १९६३ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट ब्राऊन यांच्याकडे जाऊन बोरॉनची संयुगं शिकले. यातली बरीचशी टिकाऊ, फारशी विषारीही नाहीत. अडचण एकच, ती इतकी थंड की कपलिंगमध्ये भागच घेत नाहीत.

१९७९ मध्ये सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी पॅलेडियमसोबत बेस, म्हणजे अल्कलीसारखा पदार्थ, घातला. बेस बोरॉनला जागं करतो. पॅलेडियम दोन्ही तुकडे धरून कार्बनला कार्बन जोडतं आणि सुटतं, पुढची जोडी धरायला. म्हणून ते थोडंसंच पुरतं.

२०१० मध्ये नोबेल मिळालं तेव्हा सुझुकी ८० वर्षांचे होते. मला मात्र वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटतं: या पद्धतीचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही. औषधवाले असोत की स्क्रीनवाले, सगळ्यांना ती वापरायला मोकळी होती.