सिस्टरवर कामाचा भार किती? संगणकाला विचारा

भिवंडीत आपल्या वस्त्यांचा आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. पेशंट गंभीर झाला की ठाणे नाहीतर कळवा गाठावे लागते. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले. अशी बातमी आली की आपण खाटा, डॉक्टर, औषधे यांबद्दल विचारतो. त्या पाळीला सिस्टर किती होत्या, हेही विचारायला हवे.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण वॉर्डात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ मागे १. पण नुसती डोकी मोजून भार कळत नाही. एक रुग्ण उद्या घरी जाणार असतो, तर दुसऱ्याचा बीपी तासातासाला बघावा लागतो. म्हणून अतिदक्षता विभागासाठी २००३ मध्ये 'नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर' ही पद्धत आली. त्यात २३ बाबींना गुण आहेत. १०० गुण म्हणजे एका परिचारिकेचा पूर्ण वेळ. दोन रुग्णांचे ७०-७० गुण झाले, तर एकटी सिस्टर पुरत नाही.

सरकारी रुग्णालयांसाठी 'ई-हॉस्पिटल' ही संगणक प्रणाली आहे. भरती, डिस्चार्ज, इंजेक्शन, सलाईन यांची नोंद वेळेसह संगणकावर झाली, की पाळीचा हिशेब मांडता येतो. समजा, रात्री २४ रुग्णांना दोनदा औषध द्यायचे आहे आणि प्रत्येक वेळी १० मिनिटे लागतात. ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास तिथेच संपले!

मात्र आम्ही परिचारिका दोन गोष्टी बजावून सांगतो. रुग्णाची कूस बदलणे, घाबरलेल्या नातेवाइकांना समजावणे ही कामे नोंदीत नसतील, तर ती हिशेबातही येणार नाहीत. आणि रजिस्टरही लिहा, संगणकही भरा, असे दुहेरी काम लादले तर मोजमापच नवा बोजा होईल. मोजायचा आहे तो भार. सिस्टरवर पाळत ठेवायची नाही.

आपण काय करावे? माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून तीन गोष्टी मागाव्यात: परिचारिकांची मंजूर व भरलेली पदे, पाळीनिहाय ड्युटी यादी आणि वॉर्डनिहाय रोजची रुग्णसंख्या. हे कागद शेजारी शेजारी ठेवले की एका सिस्टरमागे किती रुग्ण, ते कळेल. तो आकडा घेऊन रुग्ण कल्याण समितीकडे जावे. रिकामी पदे भरण्याची मागणी आकड्यानिशी केली, तर ती टाळणे अवघड जाते.