यंत्रांसाठी लिहिलेला मजकूर

इंटरनेटवर अधूनमधून असा मजकूर आढळतो, की ज्यातील प्रत्येक शब्द कोशात सापडतो, पण वाक्याचा अर्थ मात्र लागत नाही. अशा मजकुरामागे गुप्त संकेत दडलेला असावा, असा तर्क वाचक करतात. कारण लिहिलेले कोणीतरी कोणासाठी तरी लिहिलेले असते, ही आपली जुनी आणि रास्त समजूत आहे. इंटरनेटवरील मजकुराच्या एका मोठ्या भागाला ती लागू पडत नाही. तो यंत्रांनी तयार केलेला असतो आणि त्याचा अपेक्षित वाचकही यंत्रच असते.

या प्रकारातील सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण 1996 मधील आहे. त्या वर्षीच्या 5 ऑगस्टला यूजनेटवर, म्हणजे वर्ल्ड वाइड वेबच्याही आधीपासून चालू असलेल्या आणि विषयवार चर्चागटांत विभागलेल्या संदेश-जाळ्यावर, ‘मार्कोव्हियन पॅरालॅक्स डेनिग्रेट’ अशा शीर्षकाचे शेकडो संदेश येऊन पडले. त्यांत परस्परांशी संबंध नसलेल्या इंग्रजी शब्दांची रांग होती. जाहिरात नव्हती, मागणी नव्हती, व्याकरणही नव्हते. एका संदेशावर अमेरिकेतील एका विद्यार्थिनीचे नाव होते, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या एका महिलेवर 2004 मध्ये इराकच्या गुप्तहेर खात्यासाठी काम केल्याचा आरोप ठेवला गेला, तेव्हा केवळ नामसाधर्म्यावरून हेरगिरीची कथा रचली गेली. वस्तुतः प्रेषकाच्या जागी कोणाचेही नाव घालणे त्या काळी अगदी सोपे होते, त्यामुळे या दुव्याला पुरावा म्हणून काहीच किंमत नाही. संदेश पाठवणारा आजतागायत सापडलेला नाही.

शीर्षकातील पहिला शब्द आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाकडे बोट दाखवतो. मार्कोव्ह यांनी 1913 मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातील 20,000 अक्षरे तपासून स्वरामागून व्यंजन किंवा स्वर येण्याची संभाव्यता मोजली. ज्या साखळीत पुढची पायरी केवळ सध्याच्या पायरीवर अवलंबून असते, तिला त्यांच्या नावाने मार्कोव्ह साखळी म्हणतात. एका शब्दामागून कोणता शब्द किती वेळा येतो, हे खऱ्या लेखनातून मोजून त्या प्रमाणात शब्द जोडत गेल्यास यंत्र वाक्यासारखे काहीतरी तयार करते, ज्यात दोन-तीन शब्दांपुरते व्याकरण टिकते आणि पुढे अर्थ निसटतो. 1996 च्या संदेशांत मात्र तेवढेही व्याकरण दिसत नाही. तेथे शब्द कोशातून स्वैरपणे उचललेले वाटतात. म्हणून मार्कोव्हचे नाव हा कूटाचा उलगडा मानण्यापेक्षा, शब्द जुळवणाऱ्या एखाद्या प्रोग्रामची ती चाचणी असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

असा मजकूर पुढे नफ्याचे साधन कसा बनला, हे शोधयंत्रांच्या इतिहासावरून कळते. आरंभीची शोधयंत्रे पानावर शोधशब्द किती वेळा आला याला मोठे महत्त्व देत, तेव्हा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शेकडो शब्द दडवले जात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीत एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही मतासारखी मोजली जाऊ लागली. मग एकमेकांना लिंक देणारी निरुपयोगी पानेच हजारोंनी उभी राहिली आणि ती भरण्यासाठी यंत्रनिर्मित मजकूर कामी आला. पाहणाऱ्याला गूढ भासणारी कितीतरी पाने या कारखान्यातून आलेली आहेत. गूगलने 2011 मध्ये ‘पांडा’ आणि 2012 मध्ये ‘पेंग्विन’ या नावांचे बदल करून निकृष्ट मजकूर आणि विकतच्या लिंका यांना खाली ढकलले, तथापि प्रत्येक नव्या नियमाबरोबर फसवणुकीची नवी रीत निघत राहिली.

निरर्थक दिसणारे सारेच स्पॅम नसते, हेही नोंदवले पाहिजे. ‘वेबड्रायव्हर टॉर्सो’ या यूट्यूब वाहिनीवर 2013 पासून लाल-निळ्या आयतांचे, अकरा सेकंदांचे हजारो व्हिडिओ येत होते आणि त्यांवर हेरगिरीचे तर्क लढवले जात होते. ती यूट्यूबची स्वतःची चाचणी असल्याचे 2014 मध्ये गूगलने मान्य केले.

भारतात शोधयंत्रांना फसवणाऱ्या मजकुराचा प्रश्न आज अधिक गंभीर झाला आहे. जुन्या, दुर्लक्षित वेबसाइटमध्ये शिरून तेथे सट्टेबाजीची पाने पेरली जातात आणि ती पुष्कळदा शोधयंत्राला एक व माणसाला दुसरे दिसेल अशी रचलेली असतात. सरकारी आणि शैक्षणिक पत्त्यांवर शोधयंत्राचा विश्वास अधिक असल्याने त्यांना विशेष लक्ष्य केले जाते. मराठीत याला आणखी एक कारण जोडले जाते. पुष्कळ विषयांवर मराठी पाने इतकी थोडी आहेत, की इंग्रजीवरून यंत्राने भाषांतरित केलेले कच्चे पानही सहज वर येते. त्याच वेळी मराठीतील कितीतरी काळजीपूर्वक लिहिलेले लेखन युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये किंवा स्कॅन केलेल्या प्रतिमांत अडकलेले आहे, आणि ते जोवर शोधयंत्राला वाचता येईल अशा युनिकोड अक्षरांत आणले जात नाही, तोवर औषध, पीकविमा किंवा कर्ज यांची माहिती शोधणाऱ्या मराठी वाचकासमोर ते येण्याचा मार्गच बंद राहतो.